कॅमकार्डवर 224, मोटरमध्ये 238

कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) विकणाऱ्याने मला पहिला प्रश्न विचारला तो ‘आवाज कसा हवा?’ तिथेच फोन ठेवायला हवा होता. रस्त्यावरच्या इंजिनाला कॅम देताना विचारायचं असतं ते कॉम्प्रेशन, गाडीचं वजन, गिअर रेशो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा भाग). त्यातलं त्याने काहीच विचारलं नाही, आणि आयडलला गदगदणाऱ्या आवाजावर भाळलेला मीही गप्प बसलो.

माझं इंजिन पुशरॉडवालं (म्हणजे कॅमची हालचाल सळईने वरच्या व्हॉल्व्हपर्यंत जाणारं) व्ही-8, हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (कॅमवर जवळपास सपाट तळाने घासत चालणारे लिफ्टर), कॉम्प्रेशन 9 ला 1, कन्व्हर्टर मूळचाच. कॅमकार्डवर, म्हणजे कॅमसोबत येणाऱ्या मापांच्या कार्डावर, होतं : 0.050 इंच लिफ्टला (लिफ्टर तेवढा उचलला गेल्यापासून) ड्युरेशन, म्हणजे उचललेलं राहण्याचा काळ, 224 अंश; लोब (कॅमवरचा उंचवटा) सेपरेशन, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या टोकांमधलं अंतर, 112 अंश. झेपेल असा आकडा. (ड्युरेशन कुठल्या लिफ्टला मोजलंय हे लिहिलेलं नसेल तर आकडा बघूच नका.) माल ‘कोरा करकरीत’ म्हणून आला. शाफ्टच्या टोकाला, जिथे नंबर ठोकलेला असतो, तिथे ग्राइंडिंगचे गोल ओरखडे होते. विचारलं तर म्हणाला, ‘आमचं स्वतःचं ग्राइंड आहे, नंबर नसतो.’ काळ्या थराखाली, दोन लोबच्या मधल्या भागात, गंजाचे बारीक खड्डे बोटाला लागत होते. बोटाला कळलं, डोक्यात शिरलं नाही.

झिंकवालं तेल घालून, 2000 ते 2500 आरपीएमवर वीसेक मिनिटं मोटर चालवून कॅम रीतसर बसवला. त्यानंतर गिअर टाकला की मोटर बंद. आयडलला व्हॅक्यूम जेमतेम 9 इंच, त्यामुळे व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेकचा बूस्टर अर्धवट आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं. 3000 च्या खाली ओढच नाही. शिवाय टॅपेटची टकटक. फोन केला की एकच उत्तर, ‘परफॉर्मन्स कॅम असाच वाजतो, कार्ब्युरेटर ट्यून करा.’ दोन महिने मी कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसलो!

शेवटी डिग्री व्हील (अंश मोजायची चकती) आणि लिफ्ट मोजायला डायल गेज लावलं. 0.050 ला 238 अंश, सेपरेशन 108. मग कॅम बाहेर काढून मायक्रोमीटर लावला आणि सगळा उलगडा झाला. जुना कॅम पुन्हा घासलेला होता. लोबचं टोक तसंच ठेवून बेस सर्कल (लोबचा खालचा गोल भाग) खाली घासलं की लिफ्ट आणि ड्युरेशन दोन्ही वाढतात. लिफ्टर मात्र तेवढा खाली बसतो, मूळ मापाचा पुशरॉड आखूड पडतो, प्रीलोड (लिफ्टरवर ठेवलेला सुरुवातीचा दाब) जातो. माझी टकटक तीच होती. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असल्यामुळे 9 ला 1 चं कॉम्प्रेशनही दाब धरत नव्हतं. रिग्राइंड वाईटच असतो असं नाही, पण तो रिग्राइंड म्हणून विकावा आणि कार्ड त्याचंच असावं. माझ्या हातात भलत्याच कॅमचं कार्ड होतं.

पहिल्या सिलिंडरला दोन लिफ्टर टाकून, मोटर सुरू करण्याआधीच हे मोजलं असतं तर तासाभराचं काम होतं, आणि कॅमवर चाललेल्या खुणाही उमटल्या नसत्या. आता विकणारा त्याच खुणा दाखवतो : ‘वापरलेला माल परत घेत नाही.’

लिफ्टर टेबलावर उलटे ठेवलेत. त्यांचा तळ किंचित फुगीर हवा. पट्टी टेकवली तर तिघांच्या मधून उजेड दिसतो.