ओशिवऱ्याचा जुन्या लाकडाचा बाजार: काय घ्यावे, काय सोडावे

मुंबईत जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्यात स्वामी विवेकानंद मार्ग आणि रिलीफ रोड यांच्या आसपास जुन्या फर्निचरचा जो बाजार पसरला आहे, तो घराच्या गॅलरीसाठी किंवा छोट्या बागेसाठी जुन्या सामानातून काही घडवू पाहणाऱ्यांना फार उपयोगाचा आहे. राम मंदिर स्थानक झाल्यापासून तिथे पोहोचणेही सोपे झाले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: इथले पॉलिश करून दर्शनी भागात मांडलेले ‘अँटिक’ फर्निचर घेऊ नये. मागच्या गोडाउनात भिंतीला टेकवून ठेवलेली दारे, खिडक्यांच्या झडपा, खांब आणि लोखंडी जाळ्या घ्याव्यात आणि पुढचे काम आपल्या माहितीतल्या सुताराकडून करून घ्यावे.

हे सामान येते तरी कुठून? मुंबईतल्या जुन्या चाळी आणि वाडे पुनर्विकासासाठी पाडले जातात, तेव्हा त्यांच्या तुळया, चौकटी, जिन्याचे कठडे असे सारे भंगारवाल्यांच्या हातून अशा बाजारांत पोहोचते. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजे तोडली जातात, आणि त्यांतले दिवे, खुर्च्या, गोल खिडक्या यांचाही एक ओघ जुन्या सामानाच्या व्यापारात असतो. मला मात्र ओढ आहे ती चाळींच्या सागाची. ब्रिटिश काळात ब्रह्मदेशातून आलेला हा साग जंगलात सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडांचा असे. त्यामुळे त्याचे तंतू घट्ट असतात, आणि अनेक दशके वाळलेला असल्यामुळे तो नव्या लाकडासारखा वाकत किंवा पिळत नाही. सागाच्या अंगच्या तेलामुळे गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीजवळच्या फिकट लाकडाला ती लागते. म्हणून चौकटीच्या कडा आणि जमिनीला टेकणारी टोके चाकूच्या टोकाने टोचून पाहावीत. टोक सहज आत शिरले किंवा पिठासारखा भुसा पडला, तर तो तुकडा सोडून द्यावा.

अस्सल जुनी झडप कशी ओळखावी, हे एकदा नीट पाहून घेतले की नजर तयार होते. माझ्या गॅलरीत आता लावलेल्या झडपेवर वर हिरवा, त्याखाली निळा आणि सगळ्यांत खाली दुधी असे रंगाचे थर दिसतात. कडीभोवतीचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांनी गुळगुळीत झाले आहे, तर पावसाची झड खाणारी खालची पट्टी करडी पडून तिच्यावर उभ्या बारीक चिरा गेल्या आहेत. खऱ्या वापराची झीज अशी ठिकठिकाणी वेगळी असते. मुद्दाम जुनी दिसावी म्हणून तारेच्या ब्रशने घासलेल्या वस्तूची झीज मात्र सगळीकडे सारखी असते, आणि बिजागरीला अनेकदा नवे स्टार स्क्रू (माथ्यावर फुलीची खाच असलेले) लावलेले आढळतात. स्क्रू नंतरही बदलले जातात, म्हणून केवळ त्यांवरून निकाल देऊ नये. एका दुकानात अखंड सागाचे म्हणून दाखवलेल्या बाकाखाली वाकून पाहिले, तेव्हा बसायच्या फळीच्या पोटाला सरळ प्लायवूड होते. विचारल्यावर उत्तर मिळाले की खालून कोण पाहतो. मी पाहतो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाने पाहावे.

आता या वस्तूंचे काय करावे? झडपेच्या काचेच्या चौकटीत आरसा बसवता येतो, किंवा ती भिंतीवर आडवी लावून तिच्या पट्ट्यांना लहान कुंड्या टांगता येतात. लोखंडी गजांची जाळी गोकर्ण आणि कृष्णकमळाच्या वेलांना उत्तम आधार देते. गंज खरवडून गंजरोधक प्रायमर लावला की ती पावसाळ्यातही टिकते. दगडी तळखडा, म्हणजे वाड्याच्या लाकडी खांबाखालचा बैठा दगड, कुठे मिळाला तर नक्की घ्यावा. त्यावर तुळशीची कुंडी इतकी शोभते की दुसऱ्या कोणत्याही बैठकीची गरज वाटत नाही. मंगलोरी कौले वाफ्याच्या कडेला उभी रोवली की माती वाहून जात नाही. बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. तो बाहेरच्या बाजूला ठेवावा.

जुन्या रंगाबाबत काळजी घेणे आवश्यक आहे. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते असे धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये. पाणी शिंपडून, तोंडाला चांगला मास्क लावून आणि मुलांना दूर ठेवूनच तो काढावा. रंगाचे थर जपायचे असतील, तर सुटे पापुद्रे काढून वरून पारदर्शक लाखेचा किंवा पॉलियुरेथेनचा हात द्यावा.

सेवेबद्दल सांगायचे, तर विक्रेते माहितगार आहेत आणि घासाघीस अपेक्षितच असते, पण मोजमापाकडे स्वतः लक्ष द्यावे लागते. तुळया आणि फळ्या घनफुटावर विकल्या जातात. फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि इंचांतली जाडी यांचा गुणाकार करून १४४ ने भागले की घनफूट मिळतात. ८ फूट लांब, ४ इंच रुंद आणि ३ इंच जाड तुकडा म्हणजे साधारण ०.६७ घनफूट. कुजलेले टोक किंवा मोठ्या खाचा असतील, तर तेवढी लांबी वजा करून घेण्याचा आग्रह धरावा. बहुतेक जण ऐकतात. टेम्पो आणि हमालीचा खर्च वस्तूच्या भावातच ठरवून घ्यावा, नाहीतर माल भरताना वाद होतो. पावसाळ्यात उघड्यावरचे लाकूड पाणी पितेच, म्हणून अशी खरेदी दिवाळीनंतर करावी.

रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर कुठे दिसले, तर त्यांच्या भक्कमपणाचा मोह होतो. परंतु ते अनेकदा क्रिओसोट नावाच्या विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात. त्यांचे बाक करू नये, आणि मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला तर ते मुळीच लावू नयेत.