लँथनमच्या अतिवाहक हायड्राइडसाठी हायड्रोजन कोठून घ्यावा?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून अतिउच्च दाबाच्या संशोधनाकडे वळणाऱ्यांपुढे लवकरच एक निवड येते. लँथनम या धातूचे हायड्रोजनशी संयुग, म्हणजे हायड्राइड, करायचे असते; ते प्रचंड दाबाखाली अतिवाहक होते, म्हणजे त्यातून वीज विनारोध वाहते. त्यासाठी दोन हिऱ्यांच्या टोकांमधील पोकळीत लँथनमभोवती हायड्रोजन वायूच भरावा, की लेसरने तापवल्यावर हायड्रोजन सोडणारे अमोनिया बोरेन हे घन संयुग ठेवावे? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वायूच्या मार्गाने सुमारे १७० गिगापास्कल (एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट) दाबाला २५० केल्विनच्या (सुमारे उणे २३ अंश सेल्सिअस) आसपास, तर अमोनिया बोरेनच्या मार्गाने १८० ते २०० गिगापास्कलला २६० केल्विनच्या आसपास अतिवाहकता नोंदवली गेली. एवढ्या फरकावरून मार्ग ठरवू नये. संरचना, म्हणजे स्फटिकातील अणूंची मांडणी, कशी सिद्ध करणार, यावरून ठरवावा.

अडचण अशी की, संरचना क्ष-किरणांनी तपासतात; क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि लँथनमकडे ५७ इलेक्ट्रॉन असताना हायड्रोजनकडे एकच असतो, त्यामुळे विखुरलेल्या किरणांच्या नक्षीत (विवर्तनचित्रात) लँथनमची जाळी दिसते आणि हायड्रोजन जवळजवळ अदृश्य राहतो. एका लँथनममागे दहा हायड्रोजन आहेत, हे एकक पेशीचे (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकाचे) घनफळ किती वाढले यावरून आणि सैद्धांतिक गणिताच्या आधाराने ठरवावे लागते. वायूच्या मार्गात हायड्रोजन मुबलक असतो आणि उपपदार्थ उरत नाही, म्हणून हे अनुमान अधिक भक्कम ठरते. मात्र वायू दाबाने भरणारे यंत्र लागते, शिवाय हायड्रोजन हिऱ्यात शिरून त्याला तडे पाडतो, आणि हा खर्च हलका नाही.

अमोनिया बोरेन वायू भरणाऱ्या यंत्राशिवाय भरता येते आणि विद्युत्-मापनाच्या तारांसाठी सोयीचेही पडते. पण मागे बोरॉन नायट्राइड उरते, हायड्रोजन सर्वत्र सारखा पोहोचत नाही आणि एकाच नमुन्यात कमी हायड्रोजन असलेली हायड्राइडेही मिसळलेली सापडू शकतात.

किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेला आणखी एक पथ्य आहे. दमट हवेत लँथनम झपाट्याने गंजते, आणि उष्णतारोधक थर म्हणून वापरलेले मीठही पावसाळ्यात ओल धरते (बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेले कोणी पाहिले नाही?), तापवताना ती ओल थेट लँथनमशी अभिक्रिया करते. म्हणून मार्ग कोणताही असो, आर्गॉन या निष्क्रिय वायूने भरलेल्या ग्लोव्ह बॉक्सविना (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीविना) हात घालू नये.

माझे मत असे : विद्युत्-रोध मोजायचा असेल तर अमोनिया बोरेन, संरचना मांडायची असेल तर वायू. इंदूरच्या इंडस-२ किंवा हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ या तीव्र क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉन यंत्रांवर वेळ मागण्यापूर्वी तेथील क्ष-किरण झोताची रुंदी मात्र विचारून घ्यावी, कारण झोत नमुन्याहून रुंद असला तर चित्रात नमुन्याभोवतीच्या धातूच्या कड्याच्या (गॅस्केटच्या)च रेषा उमटतात.