बकलची खडखड: फेल्टची पट्टी, स्प्रे की नवं बकल?

गाडीच्या सीटबेल्टचं बकल वाजत असेल, तर पैसे घालवण्याआधी आवाज नेमका कुठून येतो ते बघा. खांद्याच्या उंचीवर टकटक होत असेल तर बकल बहुधा निर्दोष असतं. शेजारच्या रिकाम्या सीटच्या पट्ट्याचं धातूचं पातं (बकलमध्ये अडकतं ते) दारांमधल्या खांबाच्या प्लॅस्टिकवर आपटत असतं, नाहीतर पट्ट्याची उंची बदलायची सरकपट्टी सैल असते. वळणावर खांबाच्या आतून बारीक टिकटिक आली, तर ती पट्टा अडवणाऱ्या सेन्सरची. तिला हात लावायचा नाही.

कमरेशी खडखड असेल तर पेव्हर ब्लॉकचा रस्ता गाठा आणि शेजारच्याला तुमचं बकल मुठीत धरायला सांगा. आवाज थांबला, तर बकल सीटच्या कडेला किंवा मधल्या कन्सोलला घासतंय. लाल बटणावर नुसतं बोट टेकवून (दाबून नव्हे!) थांबला, तर बटणच खाचेत नाचतंय.

घासण्यावर फेल्टच्या चिकट पट्टीसारखा स्वस्त इलाज नाही. ती कन्सोलवर लावा, बकलच्या तोंडाशी नको. उन्हात तापलेल्या गाडीत गोंद सुटतो आणि पट्टी पुन्हा लावावी लागते, एवढाच तिचा तोटा.

बटण नाचत असेल तर गॅरेजमध्ये स्प्रे मारून देतो म्हणतात. माझा त्याला विरोध आहे. थोडे दिवस शांतता मिळते, मग तेलावर धूळ बसते आणि आतली खिट्टी जड होते. त्यापेक्षा ब्लोअरने हवा मारून घ्या. चिवड्याचे कण, कधी एखादं नाणंही निघतं. तरीही बटण थोडं वाजत राहिलं आणि पट्टा नीट लागत-सुटत असेल, तर मी तरी खर्च करणार नाही.

नवं बकल सगळ्यात महाग. पण पातं आत गेल्यावर ‘खट्’ होत नसेल, ओढल्यावर निसटत असेल किंवा बटण दाबूनही सुटत नसेल, तर घासाघीस नको, बदलाच. हे घरी करू नका. बकलमध्ये रिमाइंडरचा, म्हणजे पट्टा न लावल्यास इशारा देणाऱ्या यंत्रणेचा स्विच असतो (१ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना रिमाइंडर सक्तीचा आहे), आणि काही गाड्यांत अपघातात पट्टा आवळणारी स्फोटक नळकांडी बकललाच जोडलेली असते. सीटखालचा पिवळा कनेक्टर ही तिची खूण असू शकते. म्हणूनच भंगारातलं बकल फुकट मिळालं तरी घेऊ नका, ती नळकांडी आधीच उडालेली असू शकते. काम झाल्यावर गाडी सुरू करा आणि एअरबॅगचा दिवा विझल्याशिवाय बिल देऊ नका.