विश्वनाथची नाबाद 97 की गावसकरची 96?

आमच्या वेंगुर्ल्यात या दोन इनिंगपैकी भारी कुठली, हा विषय निघाला की बहुतेक मतं गावसकरलाच, गाववाला ना तो, मूळ घराणं इथलंच. पण मी नीट सांगतो.

विश्वनाथ, मद्रासचं चेपॉक, जानेवारी 1975. समोर वेस्ट इंडिजचा फास्ट बोलर ॲण्डी रॉबर्ट्स, 64 रन्समध्ये 7 विकेट्स, आपली टीम 190 ला ऑलआऊट आणि त्यातल्या 97 एकट्या विशीच्या (विश्वनाथच्या), तेपण नाबाद, पार्टनरच उरले नाहीत म्हणून सेंच्युरी हुकली. स्क्वेअर कट बघावा तर त्याचाच! मॅच आपण जिंकलो, सिरीज तेव्हा 2-2.

गावसकर, बंगलोर, मार्च 1987, त्याची शेवटची टेस्ट. टार्गेट 221. पिच पार फुटलेलं, पाकिस्तानचे स्पिनर इक्बाल कासिम नि तौसिफ, त्यांचा बॉल कधी हातभर वळतोय कधी अंगावर उसळतोय, आणि हा माणूस हात सैल सोडून बॉल पायाशीच थांबवतोय, पाच तासांच्या वर. कातळावर मॅटिंगशिवाय खेळलेल्या पोरांना विचारा उसळता बॉल खाली ठेवणं म्हणजे काय ते. आपल्या बाकी कोणाच्या 30 पण नाहीत. हरलो 16 रन्सनी.

विशीची बघायला जास्त सुंदर, मान्यच. पण चौथ्या इनिंगमध्ये, त्या पिचवर? माझं मत 96 लाच, आणि ते गाववाला म्हणून नाही.