२५ लिटरचा ओटीजी, तुतीचा केक आणि भुसावळचा एप्रिल

कंपनीचं नाव टाकत नाही, त्यांच्याशी अजून वाजलेलंच आहे माझं. ओटीजी म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, २५ लिटर, १५०० वॉट, वर-खाली रॉड, पंखा नाही, ६८०० ला पडला. घरी आणल्या आणल्या पहिला घोळ प्लगचा, तो १६ अँपिअरचा जाडा प्लग आणि आमच्या ओट्यावर सगळे मिक्सरचे छोटे पॉइंट. एक्स्टेन्शनवर लावू नका भो, साडेसहा अँपिअर ओढतो तो, तेही तासभर, साधं बोर्ड तापून वितळायचं. वायरमन बोलावून नवा पॉइंट काढला, त्याचे ४५० वेगळे.

घेतला कशासाठी तर शेजारच्या काकूंच्या अंगणात तुतीचं झाड आहे, मार्च-एप्रिलमध्ये एवढी गळतात की फरशी जांभळी होते. सोबत बाजारातून स्ट्रॉबेरीचा एक डबा आणला, महाबळेश्वरची, सीझनची शेवटची. (डबा उलटा करून बघत जा, वर लालभडक आणि खाली पाणी सुटलेलं असतं. आपल्या नंदुरबारकडे डाबला पिकते ती मस्त असते म्हणतात पण ती थंडीतच, आणि भुसावळपर्यंत येते कुठं.)

पहिला केक वाया गेला. डायल १८० वर, पंचवीस मिनिटांत वरून काळा आणि सुरी घातली तर आतून पिठलं. मग ४०० रुपयांचं ओव्हन थर्मामीटर आणून आत टांगलं तर काटा २१० वर! सर्व्हिसला फोन केला तर पोरगा म्हणतो, सर उन्हाळा आहे ना. आता बाहेर ४३ आहे हे मान्य, पण थर्मोस्टॅटचं कामच ते आहे की आत किती तापलं बघून रॉड बंद-चालू करायचा, बाहेरच्या उन्हाचा त्याच्याशी काय संबंध? तीन वेळा तक्रार टाकली, तिन्ही वेळा "सोडवली" म्हणून मेसेज आला, घरी कोणी फिरकलं नाही. शेवटी डायल १५० वर ठेवायचा, आत १७०-१७५ राहतं, अर्ध्या वेळानंतर वरून फॉइल झाकायची, हा आपला जुगाड.

दुसऱ्या केकमधली चूक मात्र माझी, ओव्हनची नाही. सोडा चमचाभर टाकला आणि तुतीच्या भोवती हिरवट-निळे डाग पडले, बाबा म्हणाले बुरशी लागली का रे. तुतीचा जांभळा रंग आंबटात लाल राहतो आणि सोड्यात निळा-हिरवा पडतो, हे नंतर कळलं. आता दीड चमचा बेकिंग पावडर, सोडा फक्त पाव चमचा, आणि दही भरपूर. बटर-साखर फेटायच्या भानगडीतही पडत नाही, आपल्याकडे एप्रिलात बटर फ्रीजमधून काढून चहा होईपर्यंत तूप होतं. सरळ तेल. मैदा १८० ग्रॅम, पिठीसाखर १५०, दही २००, तेल १०० मिली, सात इंची टिन. फळं मैद्यात घोळवली की बुडत नाहीत म्हणतात, माझी तरी बुडाली. अर्धी मिश्रणात आणि अर्धी पंधरा मिनिटांनी वरून पसरली तेव्हा कुठं जमलं, फक्त दार पटकन लावायचं. क्रीम-बिम काही नाही, वितळून ओघळणारच आहे तर कशाला.

तिसरा केक पन्नास मिनिटांत झाला आणि खरंच सांगतो, स्ट्रॉबेरीचा रस आटून जॅमसारखा झालेला, तुती जरा करकरीत, बाहेरचं लुसलुशीत. खालचा रॉड एकदम समान भाजतो, त्याचे मार्क पूर्ण. टायमरची घंटा मात्र एवढी बारीक की कूलर चालू असला तर ऐकूच येत नाही, मोबाईलवर अलार्म लावा.

आईचं मत वेगळं, ती गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालून खाली आली, स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि म्हणाली, एवढे पैसे कशाला घातले, वर पत्र्यावर ठेवला असता तरी भाजला असता. म्हणून आता रात्री दहानंतरच लावतो.

पाचपैकी तीन स्टार. सर्व्हिसवाला आला तर साडेतीन करेन, नाही आला तर जांभळं येईपर्यंत वाट बघून एक कमी करेन.