नागपूरच्या धंतोलीतलं स्तन-तपासणी केंद्र: रिसेप्शन सोडलं तर उत्तम

गाडी घेऊन जाऊच नका. धंतोलीत पार्किंग शोधण्यात अपॉइंटमेंटची वेळ निघून जाते. मेट्रोनं काँग्रेसनगरला उतरून चालत गेलेलं बरं.

रिसेप्शनवरच्या पोरीनं फॉर्म हातात देतानाच 'जेनेटिक पॅकेज'चा धोशा लावला. मॅमोग्राफीसोबत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेसोबत, बीआरसीए ही आनुवंशिक कॅन्सरची जनुक-टेस्ट केली की सूट, जसा काही दिवाळीचा सेल! आणि फॉर्मात विचारलंय काय, तर फक्त आईला किंवा बहिणीला कॅन्सर होता का. बाबांकडच्यांसाठी रकानाच नाही.

मॅमोग्राफी चांगली झाली. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात या, म्हणजे कमी दुखेल, आणि येताना पावडर-डिओ लावू नका, असं फोनवरच सांगितलं होतं. डिओतल्या ॲल्युमिनियमचे कण फोटोत संशयास्पद ठिपक्यांसारखे दिसू शकतात. छाती दोन प्लेटांमध्ये दाबतात तेव्हा दुखतं, पण काही सेकंदच.

पैसे वसूल झाले ते समुपदेशक मॅडमपाशी. कोरा कागद घेतला आणि घराण्याची वंशावळ काढली, बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. "ताई, आता बाबांकडचे सांगा." आत्याला एक्केचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, बाबांच्या चुलतबहिणीला अंडाशयाचा. दोन्ही गोल त्यांनी पेनानं काळे केले. बीआरसीए १ किंवा २ या जनुकातला दोष बापाकडूनही येतो, तोही ५० टक्के शक्यतेनं. बाप बहुतेक वेळा ठणठणीत असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. असा दोष असलेल्या बायकांपैकी साधारण ७० टक्के जणींना ऐंशीच्या आत स्तनाचा कॅन्सर होतो.

मी घाबरून म्हटलं, मग घेऊन टाकते ते पॅकेज. त्या म्हणाल्या, "आत्ता नको. आधी आत्यांची करा." जिला रोग झाला तिच्यात दोष सापडला, तर माझ्यात नेमका तोच शोधता येतो. नाहीतर माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्याचा धड अर्थ लागत नाही. आपल्याच सेंटरची टेस्ट नको म्हणणारं माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

सोबत जाऊबाई होत्या. "आमच्याकडे कुणालाच नाही, मला काय धाड भरलीय," हे त्यांचं नेहमीचं. मॅडमनी सांगितलं, आनुवंशिक कॅन्सर जेमतेम ५ ते १० टक्के. बहुतेक पेशंटच्या घरात आधी कुणालाच नसतो. मग त्यांचीही उलटतपासणी झाली. पाळी कधी आली, पहिलं मूल कितव्या वर्षी, अंगावर किती दिवस पाजलं, हार्मोनच्या गोळ्या, दारू. पाळी बाराच्या आत आली, पंचावन्ननंतर गेली किंवा पहिलं मूल तिशीनंतर झालं, तर धोका थोडा वाढतो. अंगावर पाजल्यानं कमी होतो. वजनावर मात्र त्या बराच वेळ बोलल्या. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरला खतपाणी घालणारं बायकी हार्मोन, मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून त्या वयातला लठ्ठपणा नडतो. काळ्या ब्राचा काही संबंध नाही, हेही जाऊबाईंनी विचारून घेतलं.

जाताना दोन्हीकडच्या नातेवाइकांचे आजार आणि तेव्हाचं वय लिहून न्या. समुपदेशनाची फी वेगळी लागते, आधी विचारा.

आत्या यवतमाळला असते. तिच्या रक्ताचा नमुना तिथून पाठवता येईल का, याचं उत्तर रिसेप्शनवरून अजून मिळालेलं नाही. एक स्टार त्याचाच कापलाय.