पथदिव्यांचा देखभाल ठेका: वर्षभर पाहून दिलेला अभिप्राय

आमच्या नगरपंचायतीने पथदिव्यांची देखभाल ठेक्याने दिली, त्याला आता वर्ष होत आलं. नवी निविदा निघायच्या आत हे लिहितोय. आसपासच्या गावांतही असाच ठेका द्यायचं घाटतंय, त्यांना उपयोग होईल. मी वीज मंडळात लाइनमन म्हणून लागलो, 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्यावर महावितरणात आलो आणि तिथूनच निवृत्त झालो. दिवा बंद दिसला की अजूनही आधी खांब बघतो, मग रस्ता.

सुरुवात काम करणाऱ्या पोरांपासून. ती चांगली आहेत. पूर्वी दिवा गेला की नगरसेवकाचं दार गाठावं लागायचं. आता खांबावर नंबर रंगवलाय, तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की तक्रार क्रमांक येतो आणि बहुतेक वेळा ठरलेल्या 48 तासांत शिडीची गाडी येते. त्यातला एक वायरमन पॅनेलमधला, म्हणजे दिव्यांच्या रांगेला वीज देणाऱ्या पेटीतला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो आणि मगच वर चढतो. खाली कुणी चुकून सप्लाय देऊ नये म्हणून आम्हीही हेच करायचो. त्याला हे कुणीतरी नीट शिकवलंय, बघून बरं वाटलं.

खरी अडचण ठेक्याच्या कागदात आहे. बसस्थानकाच्या रस्त्यावर पावसाळ्यात दर तिसरा खांब बंद पडला. खांबांना विजेचे तीन फेज आळीपाळीने दिलेले असतात, त्यामुळे दर तिसरा खांब अंधारात म्हणजे एकाच फेजवर काहीतरी घडलंय हे खालूनच कळतं. पोरांनी इमानदारीने नवे दिवे बसवले. थोड्याच दिवसांत तेही गेले. एलईडी दिव्यात बहुधा आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज पुरवणारा भाग, आधी जळतो, आणि तो असा रांगेने जळायला लागला की न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, तपासायचा. न्यूट्रल सैल झाला तर 230 व्होल्टच्या जागी एखाद्या फेजवर 300च्या वरही दाब जातो. झालंही तेच होतं. पॅनेलमधल्या न्यूट्रलच्या लगला, म्हणजे वायरच्या टोकाच्या जोडाला, गंज धरला होता आणि वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडलं होतं. मग हे आधी कुणी का उघडलं नाही? ठेक्यात दिवे आहेत, पॅनेल नाही. पॅनेल नगरपंचायतीकडे राहिलंय आणि तिथे त्या कामाला माणूस नाही.

टायमरचंही तसंच. पॅनेलचा टायमर बिघडला की दिवे दिवसाढवळ्या जळतात. 45 वॅटचे 60 दिवे दिवसा दहा तास जादा चालले तर रोजचे 27 युनिट फुकट जातात. वीजबिल नगरपंचायत भरते, त्यामुळे ठेकेदाराला त्याची झळ बसत नाही.

सगळ्यात जास्त काळजी खांबाच्या बुडातल्या जंक्शन बॉक्सची, म्हणजे वायरी जोडायच्या पेटीची, वाटते. शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही खांबांना झाकणंच नाहीत, काळ्या टेपने गुंडाळलेले जोड बाहेर लोंबतात. आमच्याकडच्या पावसात तिथे पोराचा हात लागला किंवा जनावर टेकलं तर काय होईल हे मी नोकरीत पाहिलंय. दिवा चालू असेल तर तक्रार नोंदवूनच घेत नाहीत, म्हणून ही झाकणं कुठल्याच यादीत येत नाहीत.

बिलांची फाइलही पाहिली. 2018च्या शासन निर्णयाप्रमाणे सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकाला कार्यालयातले अभिलेख पाहता येतात, आणि कारकुनाने अडवलंही नाही. नकला हव्या असतील तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करावा लागतो, पानाला दोन रुपये. उशीर झाल्यास दिव्यामागे रोजचा दंड, अशी अट करारात आहे. तक्रारवहीत उशिराच्या नोंदी दिसतात, बिलात मात्र कपातीचा रकाना कोरा. दोन्ही कागद एकाच कपाटात आहेत. बिलावर सही करण्याआधी ते शेजारी ठेवून वाचायला अर्धा तास पुरतो.

पोरांचा पगार उशिरा होतो असं कानावर आलंय. ठेकेदाराने थकवलं तर पगार द्यायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे नगरपंचायतीवर येते. 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून ही तरतूद आहे. पगार थकला तर पोरांनी तसं मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवावं. अर्ज लिहायला मी मदत करीन.

पाचपैकी माझे तीन गुण, आणि तेही खांबावर चढणाऱ्यांचे. नव्या निविदेत तीन गोष्टी घाला: पॅनेल आणि टायमर ठेकेदाराकडे द्या, जंक्शन बॉक्सची झाकणं वेगळी बाब म्हणून मोजा, आणि दर महिन्याच्या बिलाला तक्रारवहीची प्रत जोडल्याशिवाय पैसे सोडू नका. दर थोडा चढेल. चढू द्या. झाकणांसाठी मात्र निविदेची वाट पाहू नका, शाळेचा रस्ता मृगाच्या आत झाला पाहिजे.